लस घेतली होती, तरी कांजिण्या कशा निघाल्या?

लस घेतलेल्या मुलाला कांजिण्या होऊ शकतात का? होऊ शकतात. आणि तरीही लस वाया गेलेली नसते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कुणी नीट सांगत नाही, आणि मग रंगपंचमीच्या आसपास आमच्या इंदुरात दरवर्षी तेच वाक्य कानावर येतं: "एवढे पैसे मोजून इंजेक्शन दिलं, काय उपयोग झाला?" मी लहान मुलांच्या दवाखान्यात लसी टोचण्याचं काम करते. त्या आईबापांचा राग मला कळतो. लस टोचताना त्यांना कुणीतरी म्हणालेलं असतं, "आता काळजी नाही." तिथेच घोटाळा होतो. खरं तर म्हणायला हवं होतं, "आता फार काळजी नाही, आणि दुसऱ्या डोसला नक्की या."

कांजिण्यांचा मोसम थंडी ओसरल्यापासून उन्हाळा चांगला तापेपर्यंत. माळव्यातल्या घरांत होळीनंतरच्या सप्तमीला शीतलामातेची पूजा होते आणि आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्न खातात. आपल्या मराठी घरांत शीतला सप्तमी श्रावणात येते, त्यामुळे शेजारणीचा सण आणि आपला सण यांत चार-पाच महिन्यांचं अंतर पडतं. पण रोगाचा मोसम बघाल तर शेजारणीची तारीख जास्त बरोबर बसते. वार्षिक परीक्षांचे दिवस, वर्गात दाटीवाटीनं बसलेली मुलं, आणि त्यांतल्या एकाला अजून काहीच दिसत नाहीये पण तो रोग वाटतो आहे, असं सगळं एकाच वेळी जुळून येतं.

"अजून काहीच दिसत नाहीये" हे महत्त्वाचं. कांजिण्यांचा विषाणू, व्हॅरिसेला झोस्टर, अंगावर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागतो आणि शेवटच्या फोडाची खपली धरेपर्यंत लागत राहतो. तो श्वासावाटे हवेतून जातो आणि फोडातल्या पाण्याच्या स्पर्शानंही जातो. एकाच घरात ज्यांना आधी रोगही झालेला नाही आणि लसही नाही, त्यांच्यापैकी दहात नऊ जणांना तो गाठतो. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं आहे आणि त्याचा मला फार अभिमान आहे, पण कांजिण्या कचऱ्यातून किंवा गढूळ पाण्यातून येत नाहीत. लख्ख घरातही येतात. "आमच्याकडे एवढी स्वच्छता, तरी कसं झालं?" असं विचारत स्वतःला दोष देणाऱ्या आयांनी ते ओझं उतरवून ठेवावं.

आता लसीकडे येऊ. १९६४ मध्ये जपानी डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत काम करत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या, आणि त्या फार तीव्र होत्या. पुढे ओसाका विद्यापीठात त्यांनी ओका आडनावाच्या एका आजारी मुलाच्या फोडातून विषाणू घेतला, प्रयोगशाळेत पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून तो दुबळा केला आणि १९७४ मध्ये त्याची लस जगापुढे ठेवली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कांजिण्यांच्या लसी त्याच ओका वाणाच्या आहेत. म्हणजे ही जिवंत लस आहे. तिच्यातला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा. तो शरीरात थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखतं आणि खरा विषाणू आला की तयारीत असतं.

जिवंत असल्यामुळेच ती नाजूक आहे. आमच्याकडे येते तेव्हा एका लहानशा कुपीच्या तळाशी पांढरट भुकटीची चकती असते. सोबत दिलेलं द्रावण त्यात सोडायचं, कुपी हलकेच फिरवायची, चकती पूर्ण विरघळली की अर्धा मिलिलीटर औषध सिरिंजमध्ये ओढून दंडाच्या त्वचेखाली द्यायचं. एकदा विरघळवली की साधारण अर्ध्या तासात संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. तोवर ती फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांतच हवी. मे महिन्यात घरून दवाखान्यात रिक्षातून पिशवीत घालून लस आणणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका. लस जिथे थंड ठेवलेली असते तिथेच टोचून घ्या.

मग एवढं सगळं नीट करूनही कांजिण्या का होतात?

पहिलं कारण साधं आहे: काही मुलांच्या शरीरानं पहिला डोस धरलेलाच नसतो. लस चांगली, टोचणारा चांगला, तरी पुरेसं संरक्षण तयार होत नाही. बाहेरून त्याची काही खूण दिसत नाही. दुसरं कारण म्हणजे संरक्षण तयार होतं, पण वर्षं जातात तसं ते थोडं उतरतं, आणि समोरून विषाणूचा मारा मोठा आला की कमी पडतं. घरातलं भावंड आजारी असेल तर असा मारा होतोच, कारण दिवसरात्र एकाच खोलीत वावर असतो.

तिसरं कारण आमच्या हातातलं आहे, म्हणून मला त्याबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. गोवर-गालगुंड-रुबेलाची लसही जिवंत असते. दोन जिवंत लसी एकाच दिवशी दोन वेगळ्या जागी दिल्या तर चालतं. पण एकाच दिवशी दिल्या नाहीत तर त्यांच्यात किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. पहिल्या लसीनं शरीर अजून चेतलेलं असतं आणि त्यात दुसरीचा दुबळा विषाणू वाढायच्या आधीच दबून जातो. अमेरिकेतल्या एका पाहणीत, गोवराच्या लसीनंतर महिनाभराच्या आत कांजिण्यांची लस दिलेल्या मुलांना पुढे कांजिण्या होण्याचा धोका अडीच पट निघाला. म्हणून एका दवाखान्यात एक लस आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दवाखान्यात दुसरी, असं करताना कार्ड बरोबर न्या आणि तारखा दाखवा. अंगणवाडीतली लसही यात धरायची.

आता आकडे. एक डोस घेतलेल्या मुलांमध्ये कांजिण्या सुमारे ८२ टक्के टळतात, दोन डोस घेतलेल्यांमध्ये ९० टक्क्यांहून जास्त. तीव्र आजार मात्र एका डोसनंही जवळजवळ पूर्ण टळतो. ८२ टक्के म्हणजे काय, तर लस नसलेल्या मुलांच्या एखाद्या गटात शंभर जणांना कांजिण्या झाल्या असत्या, तर त्याच परिस्थितीत एक डोस घेतलेल्या तेवढ्याच मोठ्या गटात साधारण अठरा जणांना होतील.

हे कागदावर ठीक वाटतं, पण शाळेच्या फाटकापाशी उभं राहिलं की उलटंच दिसतं. समजा वर्गात चाळीस मुलं आहेत. पस्तीस जणांनी एक डोस घेतला आहे, पाच जणांनी काहीच नाही. हा आकडा मी हिशोबापुरता धरला आहे. वर्गात कांजिण्या शिरल्या. लस नसलेल्या पाचांपैकी चार जण आजारी पडले. लस घेतलेल्या पस्तिसांपैकी पाच जण पडले. आता फाटकापाशी काय बोललं जाईल? "नऊ मुलांना झाल्या, त्यातल्या पाच जणांची तर लस झाली होती! म्हणजे लस घेतलेल्यांनाच जास्त होतात." ऐकायला अगदी खरं वाटतं. पण बिनलशीच्या मुलांत पाचातल्या चौघांना झाल्या आणि लशीच्या मुलांत सातातल्या एकाला. जे आजारी पडले नाहीत त्या तीस मुलांचा विषय कुणी काढत नाही, कारण जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही. जितकी जास्त मुलं लस घेतील तितकी आजारी मुलांमध्ये लस घेतलेल्यांची संख्या मोठी दिसेल, आणि गल्लीत सगळ्यांचीच लस झालेली असेल तर आजारी पडणारं प्रत्येक मूल लस घेतलेलंच असेल. या एका हिशोबामुळे कितीतरी घरांनी दुसरा डोस सोडून दिला आहे, म्हणून तो कागदावर मांडून बघा असं मी सगळ्यांना सांगते.

लस घेतलेल्या मुलाच्या कांजिण्या दिसायलाही वेगळ्या असतात. लस नसेल तर अंगावर साधारण २५० ते ५०० फोड येतात, आधी धड-पोटावर आणि चेहऱ्यावर, मग डोक्याच्या केसांत, कधी तोंडाच्या आत. ताप येतो, अंग मोडून येतं, फोडात पाणी भरतं, मग खपली धरते, आणि एकाच वेळी पोटावर ताजा ठिपका, पाणीदार फोड आणि वाळलेली खपली असं तिन्ही बघायला मिळतं. लस घेतलेल्या मुलाला बहुतेक वेळा पन्नासहून कमी पुरळ येतं, ताप नसतो किंवा नुसती कणकण असते, आणि पुष्कळसे ठिपके लाल उंचवट्यावरच थांबतात, त्यात पाणी भरतच नाही. आई म्हणते, "डास चावलेत वाटतं." आजी म्हणते, "उष्णता झाली, सब्जाचं पाणी द्या." आणि मूल शाळेत जातं. आजार असा सौम्यच असेल, हे मात्र सरसकट खरं नाही. एकच डोस घेतलेल्यांत जी मुलं आजारी पडतात, त्यांच्यापैकी चारातल्या एकाला तरी आजार बिनलशीच्या मुलांसारखाच दिसतो.

उलटी चूकही होते. अंगावर काहीही आलं की "लस घेऊनही कांजिण्या" असं जाहीर होतं, आणि निघतो वेगळाच आजार. पावसाळ्यात पाळणाघरांत आणि नर्सरीत पसरणारा हात-पाय-तोंडाचा आजार घ्या. त्यातले फोड तळहात, तळपाय आणि तोंडाच्या आत येतात, कधी कुल्ल्यांवर आणि गुडघ्यांवरही. कांजिण्यांचा भर पोट-पाठीवर आणि केसांत असतो, आणि त्या फार खाजतात. लसीचा त्या दुसऱ्या आजाराशी काही संबंध नाही. आणखी एक: लस दिल्यावर महिनाभरात काही थोड्या मुलांना टोचलेल्या जागी किंवा अंगावर दोन-पाच फोड येतात. ते लसीतल्या दुबळ्या विषाणूचे असू शकतात आणि आपोआप जातात. डॉक्टर "लस घेऊनही झालेल्या कांजिण्या" म्हणतात त्या लसीनंतर ४२ दिवस उलटून गेल्यावर, बाहेरच्या खऱ्या विषाणूनं झालेल्या. अगदी खात्रीच करायची असेल तर फोडातल्या पाण्याची किंवा खपलीची पीसीआर तपासणी होते. रक्तातली अँटिबॉडी मोजून "लस लागली का" हे बघायच्या फंदात पडू नका. बाजारातल्या चाचण्या लसीनं तयार झालेलं संरक्षण पुष्कळदा पकडतच नाहीत.

सौम्य आहे म्हणून लागत नाही, असं मात्र नाही. पन्नासपेक्षा कमी पुरळ असलेलं लस घेतलेलं मूल, बिनलशीच्या मुलाच्या मानानं साधारण एक तृतीयांश रोग पसरवतं. पुरळ पन्नासच्या वर गेलं तर दोघं सारखीच. म्हणजे चार ठिपके असले तरी शाळा बंद, वाढदिवस बंद, आणि छप्पन दुकानला, म्हणजे आमच्या इथल्या खाऊबाजारात, गर्दीत नेणंही बंद. सगळ्या फोडांच्या खपल्या होईपर्यंत घरी ठेवायचं. फोडच धरले नसतील, नुसते ठिपके असतील, तर चोवीस तासांत नवा ठिपका आला नाही की मूल शाळेत जाऊ शकतं.

यात खरी चिंता त्या मुलाची क्वचितच असते. चिंता घरातल्या इतरांची असते. दिवस गेलेली मामी किंवा काकू, जिला लहानपणी कांजिण्या झाल्या नाहीत. पहिल्या पाच महिन्यांत तिला कांजिण्या झाल्या तर पोटातल्या बाळाला व्यंग राहण्याचा धोका शंभरात एक-दोन असतो, आणि तिला स्वतःला न्यूमोनिया होऊ शकतो. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ आलं तर नवजात बाळाच्या जिवाशी गाठ असते. स्टिरॉइडची औषधं किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस घरात असेल तर तेही धोक्यात. कांजिण्यांच्या मुलाच्या जवळ गेल्याचं लक्षात येताच अशा माणसांनी वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. त्यांच्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं आणि ते वेळेत मिळालं तरच उपयोगाचं. गरोदर बाईला कांजिण्यांची लस देत नाहीत. म्हणून ज्या मुलींना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांनी लग्नाआधी किंवा मुलाचा विचार करण्याआधी चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस घ्यावेत आणि त्यानंतर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत. आपल्या घरांत लग्नाची खरेदी शीतलामाता बाजारात सहा सहा महिने चालते, त्या यादीत ही एक गोष्ट घाला.

आजोबांना नागीण झाली असेल तर तीही याच विषाणूची. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात पट्ट्यासारखे जळजळीत फोड घेऊन वर येतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो हे खरं नाही. पण नागिणीच्या फोडातल्या पाण्याचा हात लागून नातवाला कांजिण्या होऊ शकतात, हे खरं आहे. फोड कपड्यानं झाकून ठेवले तर ते टळतं. लस घेतलेल्या मुलांना पुढे नागीण होण्याचं प्रमाणही पुष्कळ कमी दिसतं, आणि लसीची ही बाजू फार कमी घरांना माहीत आहे.

कांजिण्या निघाल्याच तर काय करायचं? ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन अजिबात नाही, त्यानं यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कांजिण्यांत त्याचा संबंध त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाशी आढळलेला आहे. खाजेवर कॅलामाइन. नखं बारीक कापा, कारण खाजवलेला फोड चिघळला की व्रण राहतो. उंबऱ्यावर कडुनिंबाचा डहाळा लावायचा असेल तर जरूर लावा, त्यात श्रद्धा आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घरात आजार असल्याची सूचनाही मिळते. पण आंघोळ बंद करू नका. कोमट पाण्यानं हलकी आंघोळ आणि रोज धुतलेले सुती कपडे, यानं फोड पिकत नाहीत. फोडणी बंद, मीठ बंद, असं करून आधीच अन्नावर मन नसलेल्या मुलाला उपाशी ठेवू नका. मऊ भात, वरण, दही, जे जाईल ते द्या. तेरा वर्षांवरच्या मुलांना, दम्यासाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांना आणि इतर जोखमीच्या मुलांना डॉक्टर एसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध देतात, आणि ते पुरळ आल्यापासून चोवीस तासांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं.

ताप उतरून पुन्हा चढला, फोडाभोवती लाल कडक सूज आली किंवा पू झाला, श्वास जोरात चालू लागला, चालताना तोल जाऊ लागला, किंवा मूल जागं होईना, तर लस झालेली असो वा नसो, सरळ रुग्णालयात न्या.

आणि कार्ड काढून बघा. अगदी आज. मला सगळ्यात जास्त हेच दिसतं: आईला वाटतं, अंगणवाडीच्या सगळ्या लसी झाल्या म्हणजे कांजिण्यांचीही झाली. झालेली नसते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, कांजिण्यांची नाही. ती खासगी दवाखान्यात पैसे देऊन घ्यावी लागते. ती सरकारनं मोफत द्यायला हवी असं माझं ठाम मत आहे, पण तोवर तरी कार्डावर "व्हॅरिसेला" असं वेगळं लिहिलेलं आहे का आणि त्यापुढे एक तारीख आहे की दोन, हे बघावं लागेल. घरातल्या आजी दंडावरचा गोल व्रण दाखवून म्हणतात, "आमची तर देवीची लस झालीय." तो रोग वेगळा, विषाणू वेगळा, त्या लशीनं कांजिण्या अडत नाहीत. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, त्या लशीचं काम तिथे संपलं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोस सांगते: पहिला पंधराव्या महिन्यात, दुसरा त्यानंतर तीन महिन्यांनी, म्हणजे अठरा-एकोणीस महिन्यांचं असताना. पूर्वी दुसरा डोस चार ते सहा वर्षांच्या वयात द्यायचे, म्हणून थोड्या मोठ्या मुलांच्या कार्डावर तो राहून गेलेला सापडतो. पहिल्या डोसात जी मुलं निसटली त्यांना दुसरा पकडतो, आणि ज्यांना पहिला लागला त्यांचं संरक्षण आणखी वाढवतो. कितीही वर्षं उलटली असली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला एक दिला की झालं. मधे अंगावर काहीतरी येऊन गेलं आणि त्या कांजिण्याच होत्या का हे कुणी नक्की सांगितलं नसेल, तरी दुसरा डोस द्या. आधी आजार होऊन गेलेल्याला लस दिल्यानं अपाय होत नाही.

घरातल्या मोठ्या मुलाला कांजिण्या निघाल्या आणि धाकट्याची लस राहिली असेल, तर "आता लागलंच असेल, कशाला टोचायचं" असं म्हणू नका. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. धाकटं वर्षाच्या आतलं असेल तर लस देता येत नाही, तेव्हा डॉक्टरांना फोन करा आणि थोरल्याचं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा. त्यानंतर तीन आठवडे धाकट्याच्या अंगावर रोज आंघोळीच्या वेळी नजर टाका, केसांतसुद्धा, कारण पुरळ यायला दहा ते एकवीस दिवस लागू शकतात.